मधलं क्रीम

बरणीत क्रीम शिल्लक होतं, यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे परत येणाऱ्या बरण्यांत काय काय सापडतं ते एकदा येऊन बघण्यासारखं आहे. बटणं, वाळलेला डिंक, खिळे, एकदा तर कापसात गुंडाळलेला दुधाचा दात. ‘रिकामी करून, धुऊन परत करा’ असं बरणीच्या बुडाशी ठसठशीत छापलेलं आहे, आणि ते वाक्य मीच लिहिलेलं आहे, पण सूचना वाचून वागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमची कंपनी साबण, तेलं, क्रीम असलं सगळं झाडपाल्यापासून बनवते आणि ते कशात भरायचं हे ठरवणं माझं काम. आतला माल विरून जाणार आणि बाहेरचं प्लॅस्टिक नातवंडांच्या नातवंडांना पुरणार, हे आमच्या मालकीणबाईंना पटत नाही, म्हणून काचेच्या बरण्या. गिऱ्हाइकानं त्या दुकानात परत करायच्या, दुकानदारानं क्रेटमध्ये भरून आमच्याकडे पाठवायच्या आणि आम्ही उकळत्या पाण्यानं धुऊन पुन्हा भरायच्या. त्या सकाळी मी धुलाईच्या खोलीत तपासणीला उभा होतो. एक बरणी उघडली आणि हात तिथल्या तिथे थांबला. कडेचं सगळं क्रीम बोटानं गोल गोल काढून घेतलेलं होतं, थेट तळाच्या काचेपर्यंत, आणि मधोमध एक ठेंगणा पांढरा खांब तसाच उभा होता. शिवाय आटे, म्हणजे ज्यांच्यावर झाकण फिरून बसतं ते काचेचे वळसे, अगदी कोरडे. धुलाईवाल्या बाई वाफेतून म्हणाल्या, “काय हो, झुरळ आहे का?” मी म्हणालो, “नाही. आमची ताई आहे.” पाणी धो धो पडत होतं, त्यामुळे त्यांना ते ऐकू गेलं नाही.

आमच्या घरी क्रीम लावायची एक रीत होती. थंडीच्या दिवसांत आंघोळ झाली की आई बरणी घेऊन पलंगावर बसायची. आधी ती, मग ताई, मग मी. वडील असल्या भानगडीत पडत नसत. त्यांच्या मते पुरुषाची कातडी फुटली तर फुटू द्यावी. आई आणि ताई करंगळीशेजारच्या बोटानं कडेकडेनं क्रीम काढायच्या आणि मधलं माझ्यासाठी ठेवायच्या. त्यात लाड वगैरे काही नव्हतं. माझी बोटं बोजड. मी कडेनं घ्यायला गेलो की क्रीम आट्यांना लागायचं, मग झाकण तिरकं बसायचं, मग क्रीम सुकायचं आणि मग आई चिडायची. म्हणून लहानानं मधलं घ्यायचं आणि मोठ्यांनी कडेचं, असा कायदा झाला. आज मी व्यवसायानं झाकणं आणि आटे यांच्यावरच जगतो, तेव्हा त्या कायद्यामागची अक्कल मला पुरेपूर कळते. पण त्या वेळी मला आपण कोणीतरी राजे आहोत असं वाटायचं. मला मिशा फुटल्या तरी मधलं माझंच होतं. कधी मी विसरलो तर ताई बरणी माझ्या नाकाखाली धरायची आणि म्हणायची, “छोट्या, तुझा खांब पडायला आलाय बघ.” तिच्या बोटांना तेव्हा रंगाचा वास यायचा, ती चित्रांच्या चौकटी करणाऱ्याकडे कामाला लागली होती. तो वास आणि क्रीमचा वास मिळून जे काही व्हायचं ते मला पुढे प्रयोगशाळेत कुठल्याच बाटलीत सापडलं नाही. मी शोधलं नाही असं नाही.

ताई घरातून गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती कुणाबरोबर गेली नाही, हाच घोटाळा झाला. लग्न करायचं नाही एवढं आईनं कसंबसं गिळलं होतं. पण एक दिवस ताई म्हणाली की तिनं एक खोली बघितली आहे, तिला एकटीनं राहायचं आहे. का? तर काही नाही, राहायचं आहे. आईला वाटलं, आपल्यात काहीतरी कमी आहे म्हणून मुलगी चालली. ती संतापून म्हणाली, “अगं, कुणाबरोबर पळून गेली असतीस तर लोकांना निदान काही सांगता तरी आलं असतं!” ताई म्हणाली, “लोकांना सांग, आईला कंटाळून गेली.” एकीनं ठिणगी टाकावी आणि दुसरीनं तेल ओतावं. आई म्हणाली, पुन्हा तोंड दाखवू नकोस. ताई म्हणाली, बरं. मी दारात उभा होतो. दोघी माझ्याकडे वळल्या आणि मी म्हणालो की दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे. दोघी एकाच वेळी, एकाच नजरेनं माझ्याकडे बघत राहिल्या. दोघींचे डोळे तसेही सारखेच आहेत. मग ताईनं बॅग उचलली. पुढे वडील गेले तेव्हा ती आली, खाली मान घालून बसली आणि गेली. नंतर तिनं खोली बदलली, फोनचा नंबर बदलला. मी शोधलं असतं तर सापडली असती, पण शोधणं म्हणजे तिची बाजू घेणं, आणि न शोधणं म्हणजे आईची बाजू घेणं, तेव्हा मी दोन्ही केलं नाही. म्हणजे न शोधणंच झालं म्हणा, पण त्यामागे विचार होता. घरात एक तरी माणूस समजूतदार हवं, आणि वेळ आली की पूल बांधायला मी असेन, असं मी धरून चाललो होतो. आजही ताईचा विषय निघाला की आई उठून आत जाते. त्यामुळे विषय निघत नाही.

त्या बरणीनं वेळ चुकीची गाठली होती, कारण काचेच्या बरण्या बंद करायच्या की नाही ते ठरवणं माझ्याकडेच होतं. कागदाच्या लगद्याची एक डबी मी खपून तयार केली होती. आतून वनस्पतीच्या मेणाचा हात, बाहेरून नुसता राखाडी लगदा, चिकटपट्टी नाही, छपाईसुद्धा दाबून उठवलेली. मागच्या गच्चीवर मातीच्या पेट्या भरून मी त्यात डब्या पुरायचो आणि ठरावीक दिवसांनी उकरून बघायचो, त्यामुळे कारखान्यात मला माळीबुवा म्हणतात. शेवटच्या खेपेला उकरलं तेव्हा डबीच्या जागी एक गांडूळ निघालं, चांगलं तरतरीत. डबी उत्तम होती. काचेचं गणित मात्र जमत नव्हतं. काच जड, ट्रकनं आणायची, धुवायला गरम पाणी, फुटते ती वेगळीच. ती पुन्हा पुन्हा फिरत राहिली तरच तिचा काही उपयोग, आणि लोक तर बरण्या घरातच ठेवून घेतात. हे सगळं मला माहीत होतं. मालकीणबाईंनी विचारलं, “मग काय ठरलं तुमचं?” मी म्हणालो, “दोन्हींचे फायदे आहेत, मॅडम.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला विचारलं की हे असं. तळ्यात मळ्यात, तळ्यात मळ्यात. अहो, मला क्रीम भरायचं आहे कशात तरी.” मी म्हणालो की डबीतून तेल थोडं झिरपतं. ते साफ खोटं होतं. मी नोकरीत कधी खोटं बोललेलो नाही, निदान डबीबद्दल तरी नाही. जिन्यावरून खाली येताना माझे कान गरम झाले होते. पण डबी आली की बरणी बंद, बरणी बंद झाली की क्रेट बंद, आणि क्रेट बंद झाले की ताईचा पत्ता माझ्यासाठी कायमचा पुसला जाणार. डबी कुणी परत करत नाही, ती मातीत जाते, तेच तर तिचं कौतुक.

त्यानंतर मी क्रेट स्वतः उघडायला लागलो. धुलाईवाल्या बाईंना वाटलं, त्यांच्या कामावर नजर ठेवायला मला पाठवलंय, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. क्रेटवर दुकानांच्या खुणा असतात. खांब असलेली बरणी नेहमी एकाच दुकानाच्या क्रेटमधून यायची, निळ्या रंगाचा पट्टा असलेल्या. दर क्रेटला असायचीच असं नाही, पण असली की मी हात न लावता ओळखायचो. मग मी काय करायचो, तर ती बरणी बाजूला घेऊन खिडकीशी न्यायचो आणि उगाच बघत बसायचो. मधलं क्रीम जरा पिवळट पडलेलं असायचं. ताईच्या खोलीत कोण कोण असेल, खिडकी कुठल्या बाजूला असेल, एवढ्या वर्षांनीही ती माझ्यासाठी मधलं ठेवते म्हणजे काय समजायचं, असलं काहीबाही डोक्यात यायचं. मी पंचेचाळिशीचा माणूस, ब्लडप्रेशरची गोळी घेतो, आणि खिडकीशी उभा राहून बरणीत बघायचो. ताईची मला फार आठवण येत होती. हे मी वाक्यात असं पहिल्यांदाच म्हणतो आहे. तोवर मला वाटत होतं की आईचं आणि ताईचं काहीतरी बिनसलेलं आहे आणि मला त्या बिनसण्याचं वाईट वाटतं. घरी मी काही बोललो नाही. आईला सांगावं तर ती उठून आत जाणार. बायकोला सांगावं तर ती म्हणणार, मग जा ना भेटायला, आणि तिला एवढं सोपं उत्तर सुचल्याचा मला राग येणार. आई हल्ली शनिवारी संध्याकाळी तिच्या चष्मेवाल्या मैत्रिणीकडे जाते, येते ती चांगली हसतमुख येते. तिच्या त्या आनंदात मिठाचा खडा कशाला टाकायचा, हाही विचार होता. विचार माझ्याकडे कधीच कमी नसतात.

शेवटी मालकीणबाईंनी सोमवारपर्यंत काय ते एका ओळीत सांगा म्हणून बजावलं. मग ठरवलं की आधी ताईला गाठायचं आणि मग सोमवारी काच बंद करायची. ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं की शुक्रवारी मी गच्चीवरच्या सगळ्या पेट्यांना पाणी घातलं, गरज नसताना. निळ्या पट्ट्याचं दुकान माझ्या घरापासून फार लांब नव्हतं, ही गोष्ट मला तोवर माहीत असूनही माहीत नव्हती. दुकान अरुंद आणि खोल, साबणांचा वास थेट फुटपाथपर्यंत. दुकानदाराला मी विचारलं की आमच्या क्रीमच्या बरण्या इथे कोण परत करतं, एक उंच बाई आहेत का, मधलं क्रीम ठेवून बरणी देणाऱ्या. तो म्हणाला, “साहेब, लोक काय ठेवतात आणि काय नेतात ते मी बरणीत तोंड घालून बघत नाही.” मग त्याला दया आली असावी. “शनिवारी संध्याकाळी येऊन बसा. बरण्यावाले बहुतेक तेव्हाच येतात, रविवारी क्रेट जातो ना.” म्हणून शनिवारी मी साबणांच्या कपाटामागे उभा राहिलो आणि मीच लिहिलेली वेष्टनं वाचत राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ताई, आईचं मन मी वळवतो, मला थोडा वेळ दे, असं सुरुवातीचं वाक्य होतं. चांगलं वाक्य होतं.

दार वाजलं आणि आत आली ती आई. वाटलं, हिला कळलं, बायकोला संशय आला असेल आणि तिनं हिला माझ्या मागावर पाठवलं असेल. मी कपाटाआड आणखी सरकलो. आईच्या हातात पिशवी होती आणि ती दाराकडे वळून म्हणत होती, “अगं, पायरी आहे, जपून.” आणि मागून ताई आली. केस पांढरे झालेले, कापलेले. चाल तीच, खांदे पुढे टाकून. आईनं पिशवीतून बरणी काढून दुकानदाराला दिली आणि म्हणाली, “झाकण नीट बसलंय हो, सांडणार नाही.” दुकानदारानं, त्याचं भलं होवो, माझ्या दिशेनं बोट दाखवलं. “ते साहेब तुमचीच वाट बघतायत.” मग काही लपण्यात अर्थ नव्हता. मी साबण हातात घेऊनच पुढे आलो. ताईनं मला बघितलं, वरून खालपर्यंत, आणि म्हणाली, “छोट्या, पोट सुटलं की रे तुझं.” पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातून अर्धं बाहेर आलं: “ताई, आईचं मन मी...” आई बाजूलाच उभी होती, ताईच्या दंडाला धरून.

ताईची खोली तिथेच, दोन इमारती सोडून, शिंप्याच्या दुकानाच्या वर. जिना चढताना आई पुढे होती, कठड्याला न धरता. रोजच्या पायाखालचा जिना असावा असा. खोलीत एक पलंग, भिंतीशी टेकवलेल्या रिकाम्या चौकटी, खिडकीत दोन कप पालथे घातलेले. दोनच होते. ताईनं माझ्यासाठी एक पेला शोधून काढला. मी विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली, “झाली की दोन-तीन वर्षं. मीच आले एकदा. भांडायलाच आले होते, राहिलेलं. मग भांडून झालं.” चष्मेवाली मैत्रीण? आईनं ताईकडे बोट दाखवलं. ताईनं टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि दोघी हसल्या. मग ताईचा विषय निघाला की तू उठून आत का जातेस, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, “मला खोटं बोलता येत नाही. समोर बसले असते तर पकडली गेले असते.” माझ्या बायकोला ठाऊक होतं का? होतं. तिनंच एकदा आईला रिक्षानं इथवर सोडलं होतं. ताई म्हणाली, “तुझी बायको म्हणते, त्यांना माहीत असेल, पण ते कुठे काय बोलतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं तुझं.” मी पेल्यातला चहा पीत राहिलो, तो फार गरम होता आणि जीभ भाजली तरी मी थांबलो नाही.

मला बरणीचं विचारायचं होतं. मधलं क्रीम, म्हटलं, ते कुणासाठी ठेवता? ताईला प्रश्न आधी कळलाच नाही. मग ती म्हणाली, “कुणासाठी म्हणजे? शनिवारी हिच्या टाचांना लावते, मग मी लावते. दोघींचा हात कडेनंच जातो. मध्ये कुणी घेत नाही, मग ते पिवळं पडतं, मग देतो परत.” आई म्हणाली, “तुझ्या कंपनीचं आहे म्हणून घेतो हो. नाहीतर त्याला फार वास येतो.” म्हणजे माझ्यासाठी कुणी काही ठेवलं नव्हतं. मी इतके दिवस खिडकीशी उभा राहून बघत होतो ती दोन बायकांची नुसती सवय होती. आणि मी जो पूल बांधायला बसलो होतो, त्याच्यावरून दोघी कधीच ये-जा करू लागल्या होत्या. मी म्हणालो, “मला का नाही सांगितलंत? मला एकट्याला का नाही?” माझा आवाज चढला होता. ताईनं चष्मा काढला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अरे, आमचं भांडण होतं, ते मिटलं. तू कुठे भांडला होतास? तुझ्याशी मिटवायचं काय?”

तिनं ते टोचायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं; ती खरोखर विचारत होती. खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता, थांबून थांबून. ताई म्हणाली, “आता आलाच आहेस तर सांग. मी तेव्हा गेले ते बरोबर की चूक?” माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं, दोघींचंही आपापल्या जागी वगैरे, आणि मी ते सुरूसुद्धा केलं, “तसं बघायला गेलं तर दोघींचं...” दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फार काही नाही, नुसतं बघितलं, घरातल्या घरात बघावं तसं, आणि आई कप उचलायला वाकली. तेव्हा मी म्हणालो, “चूक.” ताई म्हणाली, “काय?” मी म्हणालो, “चूक केलंस. एकटं राहायचं होतं तर राहायचं होतंस, आईशी भांडायचं होतं तर भांडायचं होतंस, पण मी काय केलं होतं? मला एक नंबर देता आला नाही तुला? मी रोज त्या दारात बघायचो. मला तू जायला नको होतीस!” ताईचा चेहरा लालबुंद झाला. “तू कोण रे मला विचारणारा? पायांवर धोंडा पडला होता तुझ्या? एका शब्दानं थांब म्हणालास का? बॅग माझ्या हातातून काढून घेतली असतीस तर मी राहिले असते, एक दिवस तरी राहिले असते!” “मला काय स्वप्न पडलं होतं?” “तुला कधी काय पडलंय!” ती उभी राहिली, मीही उभा राहिलो, पेला कलंडला, तिच्या चौकटींवर चहा सांडला, आणि ती ओरडली की बघ काय केलंस, आणि मी त्याहून मोठ्यानं ओरडलो की मरू देत तुझ्या चौकटी. खाली मशीन बंद पडलं होतं. शिंपी ऐकत असणार. आई उठली, तिनं खिडकी लावून घेतली, आणि परत येऊन पलंगावर पाय वर घेऊन निवांत बसली.